मृगाचे दोन फोटो

सुधीर टिपणिसाला त्या संध्याकाळी एकच फोटो काढल्याचं आठवत होतं. फिल्मवर दोन निघाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, फडकी वाळत घालायच्या दोरीला चिमटा लावून त्यानं फिल्म टांगली होती. अजून ओलीच होती. खालच्या टोकाशी पाण्याचा थेंब फुगत जायचा आणि ओट्यावर पडायचा. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. त्याची बायको सुनीती सकाळच्या शाळेत शिकवायला गेली होती, आणि आतल्या खोलीत कामाला येणारी बायजाबाई त्याच्या आईचं, माईचं, अंग पुसता पुसता काहीबाही बोलत होती. त्यानं कचेरीतून आणलेलं नकाशे बघायचं जाड भिंग फिल्मवर धरलं. निगेटिव्हवर आकाश पांढुरकं दिसतं आणि तारे काळे. मोहरी सांडावी तसे. मधे मृगाचा बाण, तीन दाणे एका ओळीत, आणि त्याच्या खाली तो तेजोमेघ, कागदाला शाईचं बोट लागावं तसा. तारे गोल होते. दीड वर्ष तो ज्यासाठी तडफडत होता ते समोर होतं. गोल, टाचणीच्या टोकाएवढे, कुठे शेपूट नाही, कुठे थरथर नाही. फक्त कडेच्या ताऱ्यांना जरा पंख फुटल्यासारखे दिसत होते. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की असं होतं, हे थोरल्या भावानं, प्रभाकरनं कॅनडाहून लिहिलंच होतं. सुधीरच्या छातीत काहीतरी हललं, आनंदच असावा, आणि त्या भरात त्यानं भिंग खाली सरकवलं. खाली पुन्हा मृग होता. तोच बाण, तोच डाग, चौकटीत जरासा डावीकडे सरकलेला. कडेच्या ताऱ्यांचे पंख गळून पडले होते.

आधी त्याला वाटलं, चुकून दोनदा बटण दाबलं गेलं असेल. पण दहा-वीस मिनिटांचा फोटो चुकून निघत नाही. तो हात पुसून बाहेरच्या खोलीत गेला, कपाटातली वही काढली. पाच आठवडे त्या वहीला त्यानं हात लावला नव्हता. ज्या बारीक उभट अक्षरात तो मोजणीच्या नकाशांवर वळ, दिघाशी, शेलार अशी गावांची नावं लिहायचा, त्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘शुक्रवार ३ फेब्रुवारी. मृग. ८.१० ते ८.३०, पूर्ण उघडी. ८.३३ ते ८.४३, एक घर बंद.’ अक्षर कुठेही हललेलं नव्हतं.

माईची हाक आली होती ती आठ वाजून अठरा-एकोणीस मिनिटांनी.

वही मिटून तो पुन्हा स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. जगाला सांगितलेली गोष्ट एक होती: मी वर गच्चीवर होतो, फोटो चालू होता, काही ऐकू आलं नाही. ती त्यानं सुनीतीला सांगितली, डॉक्टरांना सांगितली, आळीत जो जो विचारायला आला त्याला सांगितली. आणि स्वतःपाशी दुसरी ठेवली होती, जरा कमी खोटी. ती अशी की, ऐकू आलं, पण फोटो अर्ध्यावर होता. मध्येच उठलो असतो तर सगळं फुकट गेलं असतं. हाक साधी वाटली, फोटो संपला आणि मी लगेच उतरलो. या दुसऱ्या गोष्टीच्या आधारानं तो पाच आठवडे जेवत होता, कचेरीत जात होता, झोपत होता. मध्यरात्री जाग आली तरी तो तीच मनात म्हणायचा, परवचा म्हणावा तशी, आणि ‘लगेच उतरलो’पाशी आला की डोळा लागायचा. आता ती वळचणीचं पाणी गळावं तशी ओट्यावर थेंबथेंब पडत होती. लगेच उतरलो नाही. आणखी एक फोटो काढला. तो उत्तम साधला.

भिवंडीत ताऱ्यांचे फोटो काढायचे म्हणजे अवघडच काम. आळीतले लोक हसायचे, ‘सुधीरपंत तारे तोडायला चढले’ म्हणायचे. पृथ्वी फिरते, म्हणून तारा सरकतो, म्हणून कॅमेराही त्याच्यामागे सरकवावा लागतो. त्यासाठी त्यानं सागाच्या दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या होत्या आणि मधे एक लांब बोल्ट बसवला होता. तो बोल्ट हातानं सावकाश पिळत राहिलं की वरची फळी उचलली जायची आणि तिच्यावरचा कॅमेरा आकाशाबरोबर फिरायचा. शेजारी एक छोटी दुर्बीण, तिच्यात कोळ्याच्या धाग्याची फुली, आणि वेळ टिपायला एक मिणमिणता लाल दिवा. फुलीवर एक तारा धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही. पापणी लववायची तीसुद्धा हिशेबानं. हात चांगला होता त्याचा. शेताच्या हद्दी शाईनं कापडावर उतरवण्यात बारा वर्षं गेली होती. पण घराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं शेड. चोवीस लूम, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्टी. फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या, पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, आणि फोटोत तारे यायचे ते वळवळत्या अळ्यांसारखे. फक्त शुक्रवारी शेड बंद असायचं. शुक्रवारी सगळं गाव कानात बोटं घातल्यासारखं गप्प व्हायचं. मग लक्षात यायचं की बोटं काढलीत, म्हणून हे असं वाटतंय. चार घरं पलीकडची आज्जी खाकरली तरी ऐकू यायचं. म्हणून चंद्र नसलेला शुक्रवार तो महिना महिना आधी पंचांगात शोधून ठेवायचा. तीन फेब्रुवारी तसा होता. लूम चालू असते तर त्याला खरोखरच काही ऐकू आलं नसतं. आणि लूम चालू असते तर तो वर गेलाच नसता.

सुनीती त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला गेली होती. माई आत जपमाळ घेऊन बसली होती. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यावरच तेवढा स्लॅब, बाकी घर कौलारू. म्हणजे तो बसला होता त्याच्या बरोबर खाली न्हाणीघर, त्याचा झरोका जिन्याकडे उघडणारा. आधी तांब्या पडला. तांब्या पडला, एवढंच त्याच्या मनात आलं. मागोमाग ओलं धुणं दगडावर आपटावं तसा एक आवाज. फुलीवरचा तारा जागचा हलला नाही. मग बराच वेळ काही नाही, आणि मग माईचा आवाज, मोठा नाही, कुणी झोपलं असेल म्हणून बेतानं हाक मारावी तसा: “प्रभा.” बोल्टचा पाव फेरा. “ए प्रभा, अरे.” पुन्हा पाव फेरा. त्यानंतर हाक आली नाही. पावणेनऊला तो खाली उतरला तेव्हा न्हाणीघरात दिवा चालू होता आणि माई फरशीवर आडवी होती, सगळी भिजलेली, बादली कलंडलेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पाय सरळ होत नाहीये रे.” तेवढंच. शेडचा रखवालदार चाचा धावत आला. दोघांनी मिळून तिला दाराच्या फळीवर घेतलं, टेंपो थांबवला. टेंपोच्या मागच्या बाजूला सुधीर माईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असताना चाचानं साधेपणानं विचारलं, “ऊपर लाल बत्ती जल रही थी. मैं समझा, आप बैठे हैं. आवाज नहीं आया आपको?” सुधीर म्हणाला, “नहीं चाचा.” पहिलं खोटं असं हिंदीत बोललं गेलं. परक्या भाषेत ते तितकंसं खोटं वाटलं नाही. पुढे त्यानं त्याचंच मराठी केलं.

खुबा मोडला होता. ठाण्याच्या इस्पितळात तीन आठवडे काढून, या वयात शस्त्रक्रिया नको म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. पलंगाच्या पायथ्याशी कप्पी बसवली, पायाला पट्टे बांधले आणि दोरीला दोन विटा लटकवल्या. विटांनी पाय रात्रंदिवस ओढलेला राहायला हवा. सुधीर बदलून गेला. पहाटेचं शौचाचं भांडं तो द्यायचा, कचेरीतून आल्यावर तो द्यायचा, रात्री दोनदा उठून तो द्यायचा. सुनीती म्हणायची, अहो, मी करते, पुरुषानं कशाला. तो ऐकायचा नाही. माईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला या कुशीवरून त्या कुशीवर करताना तो श्वास रोखून धरायचा. आळीत नाव झालं. बायजाबाई तर रोज म्हणायची, “असा ल्योक न्हाय मिलाचा कुनाला, माई. सोन्याचा हाय तुमचा.” माई त्यावर डोळे मिटून घ्यायची. दुखत असेल, असं त्याला वाटायचं.

प्रभाकरला कळवायचं नाही, असं माईनंच बजावलं होतं. एवढ्या लांब त्याच्या जिवाला घोर कशाला. म्हणून प्रभाकरच्या पत्रात फक्त कॅमेरा असायचा. कॅमेरा त्यानंच पाठवला होता, डिसेंबरात येणाऱ्या कुणाबरोबर तरी, जपानी, लांब लेन्ससकट. ‘सुध्या, लेन्स तपासून घे. एक फोटो पूर्ण उघडी ठेवून काढ, एक घर बंद करून एक. मार्चअखेर गॅरंटी आहे, खोट निघाली तर बदलून घेता येईल. आणि माईला दाखव.’ परवा पुन्हा त्याचं पत्र आलं होतं, काय झालं टेस्टचं, म्हणून. तेवढ्यासाठीच सुधीरनं कॅमेऱ्यातून ती फिल्म काढली आणि आज सकाळी न्हाणीघरात, त्याच फरशीवर उकिडवं बसून, धुतली. प्रभाकर चार वर्षांनी मोठा. नक्षत्रं त्यानं शिकवलेली. अंगणात चटईवर दोघं उताणे पडायचे आणि प्रभाकर सुधीरचं बोट धरून आकाशात फिरवायचा, ही रोहिणी, हा मृग, हा व्याध. सुधीरला पुष्कळ दिवस वाटायचं की तारे प्रभाकरचेच आहेत. नऊ वर्षांपूर्वी प्रभाकर कॅनडाला गेला, आणि घरात त्याची हाक मागे राहिली. माईच्या जिभेवर पहिलं नाव तेच. “प्रभा, अरे सुधीर, दळण आणतोस?” आधी ती चुकली की सुधारायची. मग सुधारेनाशी झाली. “प्रभा, जेवायला ये रे.” तो जायचा, पाट घ्यायचा, जेवायचा. लग्न होऊन सुनीती आली तेव्हा चमकली होती. “तुम्हाला काही वाटत नाही?” “त्यात काय वाटायचं? म्हातारी झालीय ती.” खरोखरच काही वाटत नसे. किंवा असं की, वाटण्याची जागा बोल्टच्या आट्यांसारखी झिजून गुळगुळीत झाली होती, काही अडकतच नसे.

साडेआठ ते आठ तेहतीस. ही तीन मिनिटं तो आता ओट्याशी उभा राहून शोधू लागला. हरवलेली किल्ली शोधताना माणूस जसा आपल्याच पावलांवरून मागे जातो, तसा. लेन्सला टोपण लावलं. बोल्ट उलटा फिरवून फळी खाली आणली. लेन्सची कडी एक घर फिरवली; तिचा टक् असा बारीक आवाज झाला, नव्या वस्तूचा. इथपर्यंत बरोबर. मग स्टूलवरून उठला. पाठ आखडली होती. उठून कुठे गेला? कठड्यापाशी गेला. हे आजवर कधी आठवलं नव्हतं. कठडा गार होता. खाली झरोक्यातून दिव्याचा पिवळा चौकोन जिन्याच्या पायऱ्यांवर पडला होता आणि त्या चौकोनात काही हलत नव्हतं. नळ ठिबकत होता. नळ नव्हता तो; कुणीतरी दातांतून श्वास घेत होतं. त्याला कळलं होतं. तांब्या पडल्यापासून कळलं होतं. ही हाक साधी नाही, एवढं न कळायला तो काय लहान होता? पण त्या तीन मिनिटांत, गार कठड्यावर हात ठेवून, त्याच्या मनात एक वाक्य आलं होतं, स्वच्छ, ठसठशीत, नकाशावर गावाचं नाव लिहावं तसं: प्रभाला बोलावतेय, प्रभा येईल. आणि त्या वाक्याबरोबर एक गोडसर गारवा अंगभर पसरला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या नावाला ओ दिली नाही. मग तो वळला, स्टूल ओढलं, बसला, टोपण काढलं. दहा मिनिटं त्याचा हात जेवढा स्थिर होता तेवढा आयुष्यात कधी नव्हता. दुसरा फोटो पहिल्यापेक्षा चांगला आला होता.

“सुधीर,” आतून माईनं हाक मारली. “आली का रे चित्रं?”

आणि हेही आता त्याच्या ध्यानात आलं, उलटी पडलेली चप्पल उशिरा दिसावी तसं, की पडल्या दिवसापासून माई नावात एकदाही चुकली नव्हती.

बायजाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. “येते मी, दादा. इटा नका हालवू, बरं. आताच नीट केल्यान्.” ती गेली. फिल्म सुकली होती. त्यानं ती कात्रीनं कापली, दोन चौकटींचा तुकडा चिमटीत धरून आत गेला. माई उशीला टेकली होती, केस नुकतेच विंचरलेले. खोलीत पावडरीचा आणि डेटॉलचा वास होता. तिनं हात पुढे केला, तुकडा कडेनं धरला. प्रभाकर-सुधीरच्या लहानपणापासून या घरात निगेटिव्ह कशी धरायची हे तिला ठाऊक होतं. खिडकीच्या उजेडापुढे धरून तिनं बराच वेळ पाहिलं.

“दोन कसे हे?”

“एक लेन्स उघडी ठेवून, एक जरा बंद करून. प्रभानं सांगितलं होतं.”

“चांगला कोणता?”

“खालचा.”

“हं.” तिनं तुकडा अजून डोळ्यांपुढून हलवला नव्हता. “दोन्ही त्याच दिवशीचे?”

त्याला हो म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते दुसरंच. “माई, मला ऐकू आलं होतं.”

माईनं तुकडा खाली घेतला आणि पलंगाशेजारच्या तिवईवर, औषधाच्या बाटलीला टेकवून ठेवला. तो घसरू नये म्हणून पुन्हा नीट ठेवला.

“माहितीय,” ती म्हणाली.

बाहेर शेडमध्ये लूम चालू होते. तिवईवरचा चमचा पेल्याला लागून किणकिणत होता. सुधीरनं हात लावून तो थांबवला.

“वर स्टूल सरकलं,” माई म्हणाली. “मी म्हटलं, उठला. आता येतोय. पावलं कठड्यापर्यंत आली तीसुद्धा ऐकली मी. जिन्यावर वाजतील म्हणून वाट बघत राहिले. मग परत स्टूल सरकलं.”

“मग बोलली का नाहीस?” त्याचा आवाज चढला, त्याचं त्यालाच नवल वाटलं की त्यात तक्रार होती. “पाच आठवडे झाले, माई.”

“कुणाशी बोलू? सकाळ-संध्याकाळ भांडं तुझ्या हातचं. बोलले असते तर मला ते घेववलं असतं? आणि तुला देववलं असतं?” तिनं श्वास घेतला. “तू देत होतास, मी घेत होते. म्हटलं, चालू दे.”

त्याला वाटलं, झालं, एवढंच होतं, आता ती रडेल किंवा हात धरेल. पण माईचा चेहरा बदलत गेला. इतके दिवस तो दुखण्यानं आवळलेला होता. आता त्यात दुसरंच काही वर येत होतं, तळातलं.

“मी काय केलं तिथं, ते विचार.”

“माई...”

“विचार ना.”

“काय केलंस?”

“लुगडं वर गेलं होतं. मांडीपर्यंत. हात पोचेना. दुसऱ्या पायाच्या बोटांनी ओढत बसले, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. तुला दोन हाका मारल्या, त्यानंतर लघवी झाली. अडुसष्ट वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग तिसरी हाक मारलीच नाही. म्हटलं, आता येऊ नये यानं. हे धुवून होईपर्यंत येऊ नये. बादलीला हात लागत होता, ती ओढली अंगावर. गार पाण्यात पडून राहिले. आणि वर तुझं ते बोल्ट पिळणं चालू. किर्र. किर्र. मोजत होते मी.”

“तू माझं नाव नाही घेतलंस,” सुधीर म्हणाला. बोलताना त्याला कळत होतं की हे म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाला पोहायचे नियम सांगण्यासारखं आहे, तरी तो म्हणाला. “प्रभाला हाक मारलीस.”

माईनं त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. “मग? नऊ वर्षं त्या हाकेला कोण येत होतं?”



“जा बाहेर,” ती म्हणाली. “मला बघवत नाहीस तू आता. जा.”

तो अंगणात पायरीवर जाऊन बसला. ऊन चढत होतं. कुंपणावर शेडमधून उडालेलं सुताचं पांढरं पीस अडकलं होतं. काय वाटतंय हे त्यानं तपासून पाहिलं, दातात अडकलेलं जिभेनं तपासावं तसं. लाज होती. पण लाजेच्या खाली, अगदी खाली, एक बेशरम हलकेपणाही होता, आणि तो असल्याची पुन्हा निराळी लाज. घरातल्या कुणाला तरी आता ठाऊक होतं. घरातल्या कुणाला तरी पहिल्यापासून ठाऊक होतं. दोन आठवडे तो ज्या खोलीत श्वास रोखून पुण्य साठवत होता, तिथं पलंगावर हे सगळं पडून होतं, विटा बांधलेलं, आणि त्याच्याकडून कूस बदलून घेत होतं. तो उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला. पुन्हा बसला. कचेरीत जावंसं वाटलं, पण कचेरी बंद. साडेबाराला सुनीती आली. खांद्याला पिशवी, बोटांना खडू.

“बाहेर का बसलात?”

“माईनं घालवलं.”

त्यानं तिला सगळं सांगितलं, त्या वाक्यासकट. ऐकता ऐकता बोटांवरचा खडू तिनं पदरानं पुसून काढला, एकेक बोट करून.

“मी आळीभर सांगत फिरले,” ती शेवटी म्हणाली. “यांना ऐकूच आलं नाही हो, एवढे गुंग असतात. हळदीकुंकवाला गेले म्हणून मलाच सगळ्या बोलल्या. सासूला एकटं टाकून गेली म्हणून. मी ऐकून घेतलं.” “तुम्ही ऐकू दिलंत मला.”

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो काही म्हणणार होता, पण ती उठून आत गेली. आतून दोघींचं बोलणं बराच वेळ येत राहिलं, माईचं कमी, सुनीतीचं त्याहून कमी. मग ती दारात येऊन, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “भांडं मी देईन यापुढे. त्यांना तुमच्या हातचं काही नकोय. जेवायला वाढलंय ओट्यावर.”

तो जेवला नाही. दुपारभर बाहेरच्या खोलीत प्रभाकरला पत्र लिहायला बसला. ‘लेन्स उत्तम आहे. एक घर बंद केली की कडेपर्यंत तारे स्वच्छ येतात.’ यापुढे पेन चालेना. कागद फाडला, दुसरा घेतला, तेच वाक्य पुन्हा लिहिलं, कारण ते खरं होतं आणि लिहायला तेवढंच खरं हाताशी होतं. आत दोनदा भांड्याचा आवाज आला. दोनदा त्याचे पाय उठायला गेले, सवयीनं, आणि थांबले.

चारच्या सुमाराला आतून माईचं कण्हणं आलं, मग सुनीतीचं “जरा धरा, माई, धरा हं”, मग माईची किंकाळी. विटा ओढत असल्या की माणूस हळूहळू पलंगाच्या पायथ्याकडे घसरत येतो. विटा जमिनीला टेकल्या की ओढ संपते, आणि मग काखेत हात घालून त्याला पुन्हा वर घ्यावं लागतं. ते एका बाईचं काम नव्हे. रोज ते सुधीरच करायचा.

“अहो,” सुनीतीनं हाक मारली. “या जरा.”

तो दाराशी जाऊन थांबला. माईचं तोंड भिंतीकडे होतं. कपाळ घामानं डबडबलं होतं.

“माई, येऊ?”

“विचारत काय बसलास?” भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली.

त्यानं पलंगावर गुडघा टेकला, तिच्या काखांखाली हात सरकवले. रोज तो हे इतक्या नाजूकपणानं करायचा की तिचं वजन त्याला कधी नीट कळलंच नव्हतं. आज कळलं. माईनं दोन्ही हात त्याच्या मानेभोवती टाकले. मायेनं नाही, धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून. तिची नखं मानेत रुतली. “अजून,” ती दातांतून म्हणाली. “अजून वर घे.” त्यानं घेतलं. पायथ्याशी विटा जमिनीवरून सुटल्या आणि दोरीला झोके घेऊ लागल्या. सुनीती उशी नीट करून बाजूला झाली. आता तिला टेकवायचं, तोच माई म्हणाली, “थांब. सोडू नकोस. कळ आलीय.”

तो तसाच वाकून राहिला. तिचा श्वास त्याच्या गळ्यावर गरम लागत होता, तोंडाला औषधाचा कडवट वास येत होता. कमरेत चमक भरली. मांडीला कापरं सुटलं. किती वेळ, हे त्यानं मोजलं नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पण तिकडे पाहायला मान वळवावी लागली असती.

“प्रभाला लिही,” माई त्याच्या कानाशी म्हणाली, तुटक, कळ येईल तशी थांबत. “पडले म्हणून लिही. कशी पडले, कितीला पडले, तू कुठे होतास. सगळं लिही. मी वाचल्याशिवाय पत्र टाकायचं नाही.”

“लिहितो,” तो म्हणाला. “आत्ता बसतो लिहायला.”

“आत्ता नको,” माई म्हणाली. “आत्ता धर.”